बायकांच्या राज्यात दाढी

मेलपोने वस्तरा कॉफीच्या कपाशेजारी आपटला.

"दाढी कर, मगच चौकात पाऊल टाक. आणि त्या गोळ्या आजपासून बंद. पुढच्या महिन्यात माझ्या पोरीचा साखरपुडा आहे. मुलाकडच्यांना काय सांगू? ही माझी भावजय, की हा माझा भाऊ?"

"सांग, भावजय आहे. जिवंत आहे."

झाफिराचा आवाज विहिरीच्या तळातून आल्यासारखा होता. मेलपोने कानावर हात ठेवले. मोरीपाशी ॲप्रन बांधून उभा असलेला स्ताथिस पुटपुटला, "ताई, पुरे की आता."

"तू भांडी घास. आज तुला तोंड उघडायची परवानगी नाही."

हे मात्र खरं होतं. आठ जानेवारीला उत्तर ग्रीसमधल्या या गावात बायकांचं राज्य असतं. त्या कॉफीखान्यात बसून पत्ते कुटतात, त्सिपुरोची कडक दारू ढोसतात, आणि पुरुष घरात भांडी घासतात. रस्त्यावर सापडेल त्या पुरुषाला बादलीभर पाणी.

मेलपो दार आपटून गेली. स्ताथिसने वस्तऱ्याकडे बघितलं, बायकोकडे बघितलं आणि पुन्हा भांड्यांकडे वळला.

दोन वर्षांपूर्वी झाफिराच्या हाडांनी रक्त करणं सोडलं होतं. महिन्यामहिन्याला दुसऱ्यांच्या रक्ताच्या पिशव्या चढवून ती दिवस ढकलत होती. मग थेसालोनिकीच्या डॉक्टरीणबाईंनी आडपडदा न ठेवता सांगितलं, "हाडांच्या मगजातल्या ज्या मूळ पेशींपासून रक्त बनतं, त्या तुझ्यात झिजल्यात. पुरुषाचं संप्रेरक देऊन बघू. बाईचं असो की पुरुषाचं, संप्रेरक फक्त कमरेखालच्या भानगडींसाठी नसतं. ते हाडाच्या आतही पोचतं, तिथल्या पेशींना हलवून जागं करतं. सगळ्यांना लागू पडत नाही. पडलंच, तर दाढी येईल, आवाज बसेल. चालेल?"

"मेलेल्या बाईला गोड आवाज काय करायचाय?" झाफिरा म्हणाली होती.

लागू पडलं. उन्हाळ्यापासून पिशवी लागली नव्हती. पण ती खोकत होती, रक्त ओकत होती, तेव्हा याच गावाने तिच्यासाठी मेणबत्त्या लावल्या होत्या. आता ती धडधाकट झाली, तर चर्चच्या पायरीवर माना वळायला लागल्या. गावाला आजारी बाई चालते. दाढीवाली चालत नाही. म्हणून तेव्हापासून ती घरातच बसून होती.

तिने लोकरीचा घागरा चढवला, डोक्याला लग्नातला रुमाल बांधला. वस्तरा होता तिथेच राहिला.

चौकात ढोल आणि कातडी पिशवीचं मशकवाद्य रंगात आलं होतं. कॉफीखान्याच्या दारात म्हातारी किरात्सो बसली होती. अर्ध्या गावाला जन्माला घालणारी सुईण. आजच्या दिवसाची राणी तीच. गळ्यात कांदा-लसणाच्या माळा, मांडीवर सॉसेजचा बनवलेला पुरुषाचा भलामोठा अवयव. आत जाणारी प्रत्येक बाई त्याचा मुका घेत होती आणि फिदीफिदी हसत होती.

दरवर्षी एखादा वात्रट नवरा बायकोचे कपडे घालून आत घुसायचा. म्हणून वाटेवर यंदाच्या नव्या सुना राखणीला होत्या. परगावच्या पोरी. झाफिराला त्यांनी कधी पाहिलंच नव्हतं.

"अगं, हा बघा आला! कुणाचा नवरा गं हा?"

"निदान गालावरून वस्तरा तरी फिरवायचास, मामा!"

"मी बाई आहे," झाफिरा म्हणाली. त्या आवाजात.

"हो ना! आणि मी बिशप!"

चौक हसून लोळला. दोघींनी तिचे दंड करकचून पकडले. तिसरीने दाढी ओढली. ती निघून हातात येईना. चौथीने अख्खी बादली डोक्यावर पालथी केली.

"सोडा तिला!" आतून मेलपो किंचाळत धावली. "झाफिरा आहे ती! आमची झाफिरा!"

वाद्य थांबलं. बादलीवाली पांढरीफटक पडली. आजारपणात झाफिराच्या उंबऱ्यावर सूप ठेवून बायका मागच्या मागे पळायच्या, आपल्या शिंकेने तिचा जीव जाईल म्हणून. कुणीतरी कुजबुजलं, "गेली आता ही."

दाढीतून पाणी ठिबकत होतं. झाफिरा वाट बघत होती. आता डोळ्यांपुढे अंधारी येईल, गुडघे सुटतील. काही झालं नाही. आला तो राग. पोटभर जेवणाऱ्या माणसाचा साधा, दणकट राग.

"बर्फ होतं गं त्यात, कार्टे!" ती गरजली आणि तिचं तिलाच हसू फुटलं. खालच्या पट्टीतलं, चौकभर पसरणारं.

किरात्सोने तिला जवळ बोलावलं. "कसल्या गोळ्या देते ती डॉक्टरीण?"

"पुरुषांच्या रसाच्या, आजी."

म्हातारीने मांडीवरचं सॉसेज उंच धरलं. "ऐका गं! आपण याचा वर्षातून एकदा मुका घेतो. ही रोज सकाळी पाण्याबरोबर गिळते. गुण कुणाला आला?"

बायका टेबलं बडवायला लागल्या. ढोलवालीने पुन्हा काठी उचलली. बादलीवालीने स्वतःची शाल काढून झाफिराच्या खांद्यावर टाकली.

मेलपो हसली नाही. तिने झाफिराला चुलीपाशी ओढलं आणि ओली बाही वर सारली. पूर्वी नर्सने हलकेच धरलं तरी हात जांभळा व्हायचा. आता दंडावर बोटांचे लालसर वळ होते, आणि तेही विरत चालले होते. मेलपोने अंगठ्याने दाबलं. कातडी पांढरी झाली. अंगठा उचलला. रक्त भरून आलं. तिने पुन्हा दाबलं. पुन्हा भरून आलं.

"दुखतंय?"

"तू दाबतेस म्हणून."

मेलपोने बाही खाली केली, मनगटापर्यंत नीट ओढली. हात मात्र सोडला नाही. शेजारच्या टेबलावर पत्ते वाटत बसलेली बाई मघापासून दोघींकडे टक लावून बघत होती. ती मेलपोची होणारी विहीण होती.

मेलपोने पायाने दोन खुर्च्या ओढल्या.

"ही माझी भावजय," ती म्हणाली. "दोघींना पत्ते वाट."