दोन वादळांच्या मधली बोट

"सारखा उलटसुलट करतेयस तो फोन. भाजायचाय का?" सासूबाई पुटपुटल्या.

सुनेनं फोन पुन्हा उलटा केला. ती हवामान कचेरीत बोटींना द्यायचे इशारे टाइप करायची. जगभरच्या नवऱ्यांना सावध करण्यात तिची निम्मी नोकरी गेली होती, आणि स्वतःचा नवरा मालबोटीच्या इंजिनखान्यात. तो क्वचित फोन करायचा, पण त्याच्या बोटीचा मार्ग तिला तोंडपाठ होता. काल इशारा टाइप करता करता तिची बोटं अडखळली होती. विषुववृत्ताच्या वर एक वादळ, खाली एक. बोट बरोब्बर मधे.

नणंद कपडे धूत होती. एकदम दोन वादळं कशी काय, असं तिनं विचारलं, पण मान वर न करता. सुनेनं टबातल्या फेसात तळहात उभा बुडवला आणि सरळ पुढे रेटला. हाताच्या दोन्ही बाजूंना एकेक भोवरा उठला, दोन्ही एकमेकांच्या उलट दिशेनं फिरणारे. हात म्हणजे पश्चिमेकडून सुटलेला वारा, ती सांगू लागली. विषुववृत्तावरून तो जोरात निघाला की दोन्ही अंगांना हवा मुरडते. त्यात पृथ्वीचं फिरणं, खाली कोमट समुद्र. मग दोन्ही भोवरे फोफावतात. जुळी भावंडं, पण मधली रेघ कुणी ओलांडत नाही.

मग मधे काय भीती, असं नणंद म्हणाली.

"मधे दोघं मिळून वाऱ्याला रेटा देतात," सून म्हणाली. नणंदेनं घाईघाईनं टब उपडा केला.

पूर्वी वाऱ्यानं खिडकी आपटली तरी मुलाच्या काळजीनं सासूबाई अन्नाला शिवत नसत. आज त्यांनी दुसऱ्यांदा चहा मागून घेतला होता. सुनेला ते आत्ता खटकलं. पण माणूस वयानं निबर होत असेल, अशी तिनं स्वतःची समजूत घातली आणि पायात चपला सरकवल्या. बोटीच्या कंपनीत जाऊन विचारून येते, म्हणाली.

आज रविवार, बंद असेल, असं सासूबाईंचं म्हणणं. वादळात बंद नसतं, हिचं. नणंदेनं उन्हाचं निमित्त काढलं, मग पावसाचं. दोन्ही एकाच दमात.

"अहो, तुमचाच मुलगा आहे ना तो?" सुनेनं कडी काढली. "जिवाला जरासुद्धा घोर नाही तुमच्या?"

सासूबाई उठल्या. गुडघे धरत दारापर्यंत आल्या आणि त्यांनी सुनेचा हात कडीवरून अलगद बाजूला केला.

"जाऊ नकोस, बाळा. कंपनीच्या खिडकीत बसलेल्या परक्या माणसाच्या तोंडून ऐकू नकोस." त्यांचा आवाज खाली गेला. "तो बोटीवर नाहीये. मागच्या वर्षीच उतरला. तिकडच्याच एका बंदरात एकीबरोबर घर केलंय त्यानं."