दिवा कोणत्या रंगाचा आहे

बायकोच्या पलंगाशेजारी ऑक्सिजनचा सिलिंडर उभा करायला जागा हवी होती, म्हणून ड्रायव्हरकाकांनी सकाळी कोपऱ्यातलं टेबल दोन हात सरकवलं आणि तिथूनच सगळं बिनसलं. टेबलावर दोन डबे होते. बाहेरची तार येते तो मॉडेम, आणि त्याच्याकडून इंटरनेट घेऊन घरभर सोडतो तो राउटर. दोघांना जोडणारी वीतभर वायर राउटरमधून सुटली. काकांनी ती परत दाबून बसवली. खट् असा आवाज आला, तेव्हा त्यांना वाटलं, झालं काम.

दहा वाजता हॉस्पिटलमधून नर्सचा फोन आला. काकूंच्या छातीवर चिकटवलेलं यंत्र त्यांच्या हृदयाचे आकडे वाय-फायवरून तिकडे पाठवायचं. आठ वाजल्यापासून एकही आकडा पोचला नव्हता.

"बारापर्यंत सुरू झालं नाही, तर गाडी पाठवून पेशंटला परत वॉर्डात घ्यावं लागेल, काका. याच अटीवर घरी सोडलंय."

काकू आता फार दिवसांच्या सोबती नाहीत हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं, काकूंना तर सगळ्यांच्या आधी. वॉर्डातल्या तीन आठवड्यांत त्यांनी एकच गोष्ट मागितली होती. जे व्हायचं ते माझ्या खोलीत होऊ दे.

काकांनी आपल्या साध्या, बटणांच्या फोनवरून परगावच्या लेकीला गाठलं. हे दोन्ही डबे तिनेच आणून बसवले होते.

"राउटरवर ओळीने चार दिवे आहेत ना, बाबा? तिसरा बघा. लाल आहे की हिरवा?"

काकांनी चष्मा पुसला. दिवा लागला होता, एवढं नक्की.

"हिरवा," ते म्हणाले.

"म्हणजे मॉडेमशी जोडणी ठीक आहे. आता दोन्ही बंद करा. दोन मिनिटं थांबा. मग आधी मॉडेम लावा, त्याचे दिवे स्थिर झाले की राउटर. घाई करू नका."

"भरलेली बस फाटकापाशी अर्धा अर्धा तास उभी केलीय मी. दोन डब्यांसाठी कशाला घाई करतोय."

लेक हसली. दोन मिनिटं झाली, मॉडेम लागला, राउटर लागला.

"आता?"

"हिरवा."

पुन्हा तेच सगळं केलं. पुन्हा हिरवा. सव्वाअकरा वाजले. लेकीचा आवाज खाली आला.

"मग छातीवरचं मशीनच गेलं असणार. गाडी येऊ द्या, बाबा. आपल्या हातात नाही काही."

काका पलंगाकडे पाठ करून उभे होते.

"दिवा हिरवा आहे की नाही, मला माहीत नाही. मला लाल आणि हिरवा एकसारखाच दिसतो. पहिल्यापासून."

"तुम्ही एकतीस वर्षं बस चालवलीत, बाबा."

"सिग्नलला लाल वर असतो, हिरवा खाली. इथे एकच दिवा आहे, तोच दोन्ही होतो."

"आणि डोळ्यांची तपासणी?"

"पुढच्या माणसाने वाचलेलं पाठ करून गेलो होतो."

"मी रोज तुमच्या मागच्या सीटवर बसून शाळेत जायचे. कधी काही झालं नाही?"

"एकदा. ट्रकने धडकून सिग्नलचा खांब आडवा केला होता, पण दिवे चालू होते. वर कोणता, खाली कोणता, कळेना. एक सायकलवाला मध्ये आला. त्याचा पाय गेला. चौकशीत ब्रेकवर ढकललं मी."

लेकीचा आवाज कोरडा झाला.

"राउटरच्या मागे पाच खाचा आहेत. चार हिरव्या, एक लाल. मॉडेमची वायर लाल खाचेत लागते, ती चुकून हिरव्या खाचेत गेली असणार. आईला दाखवा."

काकांनी राउटरच्या वायरी काढल्या आणि तो दोन्ही हातांत धरून पलंगापाशी नेला. काकू जाग्या होत्या. खोली ती केवढी, सगळं त्यांनी ऐकलं होतं.

"अगं, यातली लाल कोणती?"

काकूंनी आधी त्यांच्याकडेच पाहिलं. मग बोट उचलून कडेच्या खाचेवर टेकवलं.

"त्या अपघातानंतर तुम्ही महिनाभर धड जेवत नव्हता," त्या एका एका शब्दाला श्वास घेत म्हणाल्या. "मी समजत होते, कामाचा ताण."

काका टेबलापाशी गेले. कडेच्या खाचेत वायर बसवली, दोन मिनिटं मोजली, मॉडेम लावला, मग राउटर.

बाराला दहा कमी असताना नर्सचा फोन आला.

"आकडे आले, काका. पण चांगले नाहीत. डॉक्टर म्हणतात, लगेच आणा. गाडी निघतेय."

एवढा वेळ काकांना वाटत होतं, न्यायचं की ठेवायचं हे ठरवणारे आपण कोण. पण जे कधी तोंडातून निघालं नव्हतं, ते निघून गेलं होतं. आता हे सांगणं त्यामानाने सोपं होतं.

"गाडी पाठवू नका. ती घर सोडून कुठेही येणार नाही."

"मग लिहून द्यावं लागेल. पुढे काही झालं तर जबाबदारी तुमची."

"माझीच. कागद पाठवा, सही करतो."

त्यांनी फोन ठेवला आणि खुर्ची ओढून पलंगाशी बसले.

"येतेय गाडी?" काकूंनी विचारलं.

"नाही."

काकूंनी डोळे मिटले. काकांना वाटलं, झोप लागली.

"त्या सायकलवाल्याचं नाव काय होतं?"

काकांना ते माहीत होतं. त्यांनी सांगितलं.