चार इंच राखून

मी एका सिलिंडरचा ट्रॅक्टर बोलतोय. आवाज मोठा वाटला तर जरा लांब उभे राहा. हळू बोलणं मला जमत नाही. चार सिलिंडरवाले हळू बोलतात. बोलतात कसले, गुणगुणतात. त्यांच्याबद्दल माझं मत काय आहे ते पुढे कळेलच.

माझा जन्म इथलाच, साठ वर्षांपूर्वीचा. आपल्याकडच्या कारखान्यांत ट्रॅक्टर नुकतेच तयार होऊ लागले होते, त्या पहिल्या दिवसांतला मी. मला रेडिएटर नाही आणि पाणीही लागत नाही. पंखा वारा मारतो आणि इंजिन थंड राहतं, एवढा साधा हिशेब. पण हे लोकांना पटत नाही. आजवर मला बघायला आलेल्या जवळजवळ प्रत्येक माणसाने आधी माझ्या टायरला लाथ मारली आणि मग विचारलं, "पाणी कुठून घालायचं?" टायरला लाथ मारून त्यांना काय कळतं, हे मला साठ वर्षांत कळलेलं नाही.

माझा पहिला धनी मांजरी गावचा सोनबा. त्याच्या बायकोने, गोदाबाईने, मला ओवाळलं आणि बॉनेटवर तांब्याभर पाणी ओतलं. सोनबा म्हणाला, "आगं, त्याला पानी लागत न्हाय."

"आसं कसं? एवढ्या लांबनं आलाय, तहान लागली आसंल की," ती म्हणाली. पुढे दर सोमवारी मला तांब्याभर पाणी मिळत राहिलं. त्याचा उपयोग शून्य होता, पण मला ते आवडायचं.

गुलटेकडीला मार्केट यार्ड भरू लागलं, तसा मी ट्रॉलीभर कांदे घेऊन तिथे जाऊ लागलो. चैत्रातल्या उन्हात स्वारगेटच्या चौकात मोठमोठे ट्रक बॉनेट उघडून, वाफा सोडत उभे असायचे. मी त्यांच्या शेजारून धाड धाड करत निघून जायचो. घमेंड होती मला, नाकारत नाही. हमाल माझ्या मडगार्डवर बसून चहा प्यायचे आणि म्हणायचे, "सोनबाचं बेणं गरम होतच न्हाय."

मग सोनबा थकला. मुलांनी नवा ट्रॅक्टर घेतला, पुढे जमिनीवरही इमारती आल्या. मी एका भंगारवाल्याच्या पत्र्यामागे अकरा वर्षं पडून होतो. तिथून मला श्रीधरांनी उचललं.

श्रीधर म्हणजे आयटीआयमधून निवृत्त झालेले वर्कशॉपचे शिक्षक. विश्रांतवाडीत त्यांचं बैठं घर, मागे पत्र्याची शेड. त्यांनी चार वर्षं खपून मला नटबोल्टापासून पुन्हा उभं केलं. त्यांच्या पत्नी मंदाकिनीबाई शेजारी टॉर्च धरून उभ्या राहायच्या आणि शाळेतल्या मुलांना विचारावं तसं विचारायच्या, "हा कुठला नट? आणि मग हा उरला कसा?"

मी सुरू होतो तो हँडलने. आधी एक खटका ओढायचा, म्हणजे सिलिंडरमधली हवा मोकळी होते आणि हँडल हलकं फिरतं. वेग आला की खटका सोडायचा. त्या क्षणी माझ्यात जीव येतो. खटका सोडायची वेळ चुकली तर हँडल उलटं फिरतं, मनगट मोडू शकतं. श्रीधरांची वेळ कधी चुकली नाही. पहिल्या दिवशी मी धडधडलो तेव्हा मंदाकिनीबाई म्हणाल्या, "आता शेजारी भांडायला येणार," आणि डोळे पुसत आत गेल्या. पुढची बारा वर्षं ती शेड आणि ते श्रीधर माझे एकट्याचे होते.

आणि मग तो आला.

करडा साहेब. विलायती, माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठा, बोटीतून आलेला. शिरूरकडच्या कुणा बागायतदाराच्या बंगल्यात त्याचं आयुष्य गेलं होतं, म्हणजे काम असं नव्हतंच, नुसतं शोभेला उभं राहणं. तिथून श्रीधरांनी त्याला विकत आणलं. चार सिलिंडर. मागे दोन हायड्रॉलिकचे हात. बोटाने दांडी हलवली की अख्खा नांगर उचलतात. माझ्या पाठीशी फक्त ट्रॉली अडकवायचा एक आकडा, तोही वाकडा. आणि सुरू व्हायची तऱ्हा बघा. गिअरचा दांडाच एका खाचेत सरकवायचा की स्टार्टर फिरतो. हँडल नको, घाम नको. गिअरमध्ये असताना चुकून सुरू होऊन कुणाच्या अंगावर जायची भीतीही नाही. श्रीधर येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे, "काय डोकं लढवलंय बघा." माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

त्याची खोड मात्र कुणी सांगत नसे. तो चालतो रॉकेलवर, पण सुरू होतो पेट्रोलवर. टाकीचे दोन भाग, खाली एक कॉक. पेट्रोलवर सुरू करायचा, गरम झाला की कॉक रॉकेलकडे वळवायचा आणि बंद करण्याआधी आठवणीने परत पेट्रोलकडे. विसरलात तर दुसऱ्या दिवशी साहेब उठत नाहीत. इतके लाड मी सोनबाच्या नातवाचेही पाहिले नव्हते.

खंडेनवमीला श्रीधर सगळ्या हत्यारांची पूजा करत. पान्यांना, लेथला, सगळ्यांना हळदकुंकू, आणि झेंडूचा पहिला हार मला. त्या वर्षी पहिला हार करड्याला घातला. "पाहुणा आहे, मोठाही आहे," असं मंदाकिनीबाईंना म्हणाले. मला दुसरा हार मिळाला, चांगला टपोऱ्या फुलांचा. पण दुसरा.

दुसऱ्या दिवशी, दसऱ्याला सकाळी, त्यांनी माझं हँडल हातात घेतलं. खटका वेळेवरच सोडला होता त्यांनी. चूक माझी होती. मी आतून इतका धुमसत होतो की हँडल उलटं फेकलं. श्रीधर खांदा धरून खाली बसले. तेव्हापासून त्यांचा उजवा हात खांद्याच्या वर गेला नाही, आणि माझं हँडल भिंतीवरच्या खिळ्याला लटकलं. हे मी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं.

त्यानंतर ते रोज करड्याला सुरू करत. दांडा सरकवला की झालं, खांद्याला त्रास नाही. पण मी एवढा समजूतदार असतो तर रडायचं कशाला? मला दिसायचं ते इतकंच, की आता माझी गरज उरली नाही. दर महिन्याला ते माझं तेल बघत, फिल्टर बदलत, पंख्यावरची धूळ फडक्याने पुसत. ते सगळं मी उपकार म्हणून करून घेतलं.

मागच्या वर्षी घराची जागा बिल्डरला द्यायचं ठरलं. समोरच्या गल्लीत फ्लॅट घेतला. फ्लॅटला पार्किंग एक, ट्रॅक्टर दोन. आठवड्याभराने फाटकावर पाटी लागली, श्रीधरांच्या ठसठशीत अक्षरात:

"ट्रॅक्टर विकणे आहे. चालू करून दाखवला जाईल. जो चालू झाला नाही तो विकला जाणार नाही. टायरला लाथ मारू नये."

कुठला ट्रॅक्टर ते लिहिलं नव्हतं. लिहायची गरजच काय, असं मला वाटलं.

शनिवारी संध्याकाळी शंका फिटली. श्रीधरांनी करड्याला सुरू केला, गरम झाल्यावर रॉकेलवर घेतला, आणि तो गुणगुणत असताना टेप घेऊन माझ्याकडे आले. हातात एक कागद, त्यावर मापं लिहिलेली. पुढच्या चाकापासून मागच्या आकड्यापर्यंत त्यांनी मला दोनदा मोजलं. मग लहान मुलासारखे ओरडले, "मंदा, बसतोय! चार इंच राखून बसतोय!"

टेंपोत, मी मनाशी म्हणालो. मला न्यायला टेंपो येणार, त्याच्या हौद्यात मी चार इंच राखून बसणार. आणि याचा त्यांना एवढा आनंद!

त्या आनंदात ते वळले आणि करड्याला तसाच बंद करून आत गेले. कॉक रॉकेलवरच राहिला. मी पाहिलं. मला तोंड असतं तरी मी बोललो नसतो. उलट मनात म्हटलं, उद्या बघू तुझी मजा.

रविवारी दिग्विजय आला. लोणीकंदच्या पुढे त्याचं शेत आहे. शहरातले लोक तिथे हुरडा खायला येतात, त्यांना ट्रॉलीतून फिरवायला त्याला जुना ट्रॅक्टर हवा होता. आल्या आल्या त्याने करड्यासोबत फोटो काढले. "काका, लूक एकदम भारी हाय हो याचा."

श्रीधरांनी दांडा सरकवला. स्टार्टर फिरला, फिरत राहिला. करड्याने एक शिंक दिली, बस्स. पुन्हा, तिसऱ्यांदा. बॅटरीचा दम जायला लागला. श्रीधरांच्या लक्षात आलं, त्यांनी कपाळावर हात मारून घेतला. "कॉक रॉकेलवरून फिरवायला विसरलो. प्लग भिजले असणार. अर्धा तास थांबा." आणि ते खाली वाकून प्लग काढायला लागले. माझ्या मनात दिवाळी सुरू होती.

"आणि रोज रॉकेल आणू कुठनं मी?" दिग्विजय म्हणाला. मग तो माझ्याकडे वळला. "हा डिझेलवाला दिसतोय. माझ्या आजोबांकडं असाच होता. पाणी बी लागत न्हाय याला."

साठ वर्षांत पहिल्यांदा बघायला आलेल्या कुणी ते न विचारता सांगितलं होतं. टायरला लाथही नाही.

श्रीधर मान वर न करता म्हणाले, "तो बंद आहे. सोडून द्या त्याला. त्याच्यात काही राम राहिलेला नाही."

करड्यासमोर म्हणाले. बारा वर्षं ज्यांच्या हाताने मी उठलो, त्यांनी त्या शिंकणाऱ्या साहेबासमोर, परक्या माणसासमोर माझ्यात राम नाही म्हणावं! माझ्या तेलाचा थेंब न् थेंब पेटला.

दिग्विजयने गंमत म्हणून खिळ्यावरचं हँडल काढलं. खटका ओढला, चार फेरे फिरवले, खटका सोडला.

मी उठलो. पहिल्याच हँडलला, आठ महिन्यांनी, असा धडधडलो की शेडचे पत्रे नाचले. मंदाकिनीबाई हात पुसत बाहेर आल्या. मी करड्याकडे पाहिलं. मग श्रीधरांकडे पाहिलं, आता तरी कळलं का म्हणून. ते हातात भिजलेला प्लग घेऊन उभे होते आणि त्यांचा चेहरा पार उतरला होता.

"काका, हा तर एक नंबर चालतोय की," दिग्विजय म्हणाला. "मला हाच द्या."

"तो विकायचा नाही."

"पण पाटीवर तर..."

मंदाकिनीबाई कोरडेपणाने म्हणाल्या, "अहो, विकायचा नाही एवढंच म्हणायचं होतं. बंद आहे कशाला म्हणालात? खोटं बोलायची सवय नसली की असं होतं."

"बंद म्हटलं की माणूस बघायचंच सोडतो, म्हणून म्हणालो."

"पार्किंगची नवी जागा तर त्याच्यासाठीच मोजली होती ना तुम्ही?"

"हो," श्रीधर म्हणाले. "चार इंच राखून बसत होता."

मी ते ऐकलं आणि बंद पडायचा प्रयत्न केला. मनापासून केला. पण डिझेलवाल्याला स्वतःहून बंद पडता येत नाही. डिझेल मिळत असेपर्यंत तो चालतच राहतो.

श्रीधर जवळ आले. त्यांनी डावा हात माझ्या बॉनेटवर ठेवला आणि बराच वेळ नुसते ऐकत राहिले. "मंदा, ऐक," ते म्हणाले. "किती स्वच्छ चाललाय. मला काही आता हँडल मारता येणार नाही. तिथे पार्किंगमध्ये हा नुसता उभा राहील, गंजून जाईल. याला अजून काम हवंय गं. मीच त्याला माझ्यासाठी अडवून धरत होतो."

त्यांनी दिग्विजयला माझं सगळं समजावून सांगितलं: तेल कधी, फिल्टर कधी, खटका कधी. मंदाकिनीबाई आत जाऊन तांब्याभर पाणी घेऊन आल्या आणि माझ्या चाकांवर घातलं. 'त्याला पाणी लागत नाही' असं या वेळी कुणी म्हटलं नाही.

आता मी लोणीकंदला आहे. रविवारी खराडीच्या कंपन्यांमधली मंडळी माझ्या ट्रॉलीत बसतात, माझा आवाज मोबाइलमध्ये भरून घेतात. काम आहे, डिझेल आहे, कौतुकही आहे. करडा साहेब माझ्या जागेत उभे आहेत. श्रीधरांची नात तनया हुरड्याला आली होती, तिने सांगितलं, की तो त्या जागेत पुरता बसतच नाही, पाठीमागचे हात बाहेर राहतात, आणि सोसायटीने "आपले अवयव आपल्या हद्दीत ठेवावेत" अशी पाटी लावली आहे. मला फार बरं वाटलं. मत्सर गेला असं मी म्हणणार नाही. या वयात खोटं बोलून काय मिळवायचंय?

तनयासोबत त्या दिवशी श्रीधरही आले होते. त्यांनी दिग्विजयकडे हँडल मागितलं आणि डाव्या हाताने लावलं. माझ्या मनात आलं, आज उठलोच नाही तर? बिघडला म्हणून कदाचित परत नेतील, शेड नाही तर नाही, कुठेतरी कोपऱ्यात. पण मी उठलो नसतो तर त्यांनी पुन्हा फिरवलं असतं, तिसऱ्यांदाही. एक खांदा मी आधीच घेतला होता. मी पहिल्याच खेपेला उठलो, हँडलला जराही धक्का न देता, जमेल तितक्या हळू आवाजात.

ते हसले. दिग्विजयला म्हणाले, "खोटं बोललो होतो मी. राम आहे त्याच्यात."

आणि संध्याकाळी ते करड्याकडे परत गेले.

माझं एवढंच मागणं आहे. कुणी चारचौघांत तुम्हाला बंद पडलेला म्हटलं, तर माझ्यासारखे लगेच सुरू होऊ नका. आधी बघा, म्हणणारा कोण आहे. कदाचित त्याने तुमच्यासाठी जागा मोजून ठेवलेली असेल.