घंटीची जागा

बोल्ट बोटांनीच फिरत आत गेला, थोडासा, आणि अडला. त्याच्या गोल टोपीवर गॅरेजची खिडकी चण्याएवढी होऊन बसली होती – पांढरा चौकोन, त्यावर काळी फुली, कडा वाकलेल्या. आर्लिसने पाना उचलला आणि पुन्हा खाली ठेवला. इथे जोर करायचा नाही. बोल्टच्या आट्यांवरही क्रोम चढलेले असते, केसाच्या जाडीचेही नसेल, पण जुन्या भोकाला तेवढे पुरते. तो आत शिरताना आपल्याच अंगावरच्या झिलईमुळे अडतो. जोर केला तर बोल्ट जाईल आत, पण चौकटीतले आटे कुरतडत जाईल, आणि मग ते भोक कोणत्याच बोल्टचे राहणार नाही.

तिने तो उलटा फिरवून काढला. सकाळपासून तिसऱ्यांदा की चौथ्यांदा...

झाकण मांडीवर होते. नवऱ्याच्या मोटरसायकलच्या चौकटीची जी नळी इंजिनाच्या पुढून खाली उतरते आणि मागे वळते, तिच्यावर बसायचे झाकण. खोक्यावर लिहिले होते की हे सगळ्या मॉडेलांना बसते. सगळ्यांना बसते म्हणजे कोणालाच नीट बसत नाही, हे तिला गेल्या आठवड्यात कळले – आरशांचे दांडे बसवताना, मग मागच्या दिव्याची कड बसवताना. प्रत्येक भाग आपल्या जागेपासून किंचित सरकलेला, दोन भोके जुळली की तिसरे रुसलेले. आयुष्यभर गावाच्या पाण्याचे नमुने तपासण्यात गेले. कुठले माप चुकले की काय होते ते तिला चांगले माहीत होते. पण तिथे चुकलेले माप पुन्हा घेता येत असे.

बाहेर तिचा नवरा नॉर्ब अंगणात खुर्ची टाकून बसला होता. पायांवर ऊन, बाजूला रेडिओ, अजून सामना सुरू व्हायचा होता म्हणून कोणीतरी खेळाडूंच्या गुडघ्यांविषयी बोलत होते. शेतापलीकडे क्रौंचांची जोडी ओरडली आणि त्याने तिकडे मान फिरवली – म्हणजे तिकडे नाही, तिकडून जरा बाजूला. नजरेचा मधला भाग गेल्यापासून तो असाच बघतो. जे बघायचे त्याच्या शेजारी डोळे लावतो, म्हणजे ते कडेला येते आणि थोडेसे दिसते. आर्लिसचा चेहरा बघायचा तर तो तिच्या कानाच्याही पलीकडे बघतो. सुरुवातीला ती मागे वळून पाहत असे, तिथे कोण आले म्हणून.

क्रोम चमकते. चमकणारी गोष्ट कडेच्या नजरेलाही दिसते, असा तिचा हिशेब होता. उद्या रविवारी चर्चच्या पटांगणात मोटरसायकलींना आशीर्वाद द्यायचे. हिवाळा संपून बर्फ वितळवायला रस्त्यावर टाकलेले मीठ धुऊन गेले की दर वर्षी असतात, आणि दर वर्षी नॉर्ब पहिल्या रांगेत असतो. फादर बादलीत कुंचा बुडवून गाड्यांवर आणि माणसांवर सारखेच पाणी उडवतात, मग सगळे मिळून सॉसेज भाजतात. यंदा नॉर्बची गाडी त्याचा मित्र गॉर्डी चालवेल, नॉर्ब मागे बसेल, ती स्वतःची मोटार घेऊन मागून जाईल, असे तिने ठरवले होते. नॉर्ब नाही म्हणाला होता. ‘मागं बांधून न्यायला मी काय सामान आहे?’ एवढेच म्हणाला, चिडूनसुद्धा नाही. हिवाळाभर तो कुठेच गेला नव्हता. न्हाव्याकडेसुद्धा नाही; तीच त्याचे केस कापते, आणि तो मान खाली घालून बसतो तेव्हा तिला वाटते की हा माणूस एकेका जागेवरून उठत चालला आहे, उद्या नाही गेला तर मग पुढच्या वर्षीही नाही, आणि नंतर कोणी बोलावणारही नाही...

म्हणून क्रोम. किंवा म्हणून नाही. म्हणून नाही हे तिला माहीत होते.

इतकी वर्षे प्रत्येक जानेवारीत तो स्वयंपाकघरातल्या टेबलावर सुट्या भागांची पुस्तिका उघडून बसायचा. बाहेर बर्फ, आत त्याचे बोट पानावरून फिरते आहे. हे बघ, हे खालच्या नळीवर बसतं. ती ओट्यापाशी उभी राहून, न वळता, आधी छपराची दुरुस्ती म्हणायची. मग घर गरम ठेवायची भट्टी म्हणायची. मग काहीच म्हणायची नाही, आणि तो पुस्तिका मिटायचा. एकदा तिने त्याला समजावून सांगितले होते – आणि हे तिला आत्ता, झाकण मांडीवर असताना, शब्दन् शब्द आठवले – की खरी चमक क्रोमची नसतेच, खालच्या निकेलची असते, क्रोमचा थर इतका पातळ असतो की तो फक्त निकेलला काळवंडू देत नाही. त्याने मन लावून ऐकले होते. ‘मग चांगलंच काम करतो की तो,’ म्हणाला होता.

आणि ती हसली होती. चूक दुरुस्त न करता सोडून द्यावी तशी.

झाकण बसत नव्हते याचे दुसरे कारण एका बरणीच्या झाकणात पडले होते. नळीच्या सर्वांत खालच्या वळणाला, रस्त्याच्या अगदी जवळ, नॉर्बच्या गाडीला एक घंटी होती, अंगठ्याच्या पेराएवढी, कथलाची, चिखलाने राखाडी झालेली. नवीन झाकण नेमके तिच्या कडीवरून जात होते. आर्लिसने सकाळी आधी तीच काढली होती. इथले सगळे मोटरसायकलवाले ती बांधतात. रस्त्यावरची भुते गाडीच्या खालच्या अंगाला चिकटतात आणि घंटीच्या पोकळीत अडकून त्या आवाजाने वेडी होऊन पडतात, असे काहीतरी आहे. पण घंटी स्वतः विकत घेऊन चालत नाही. कोणीतरी द्यावी लागते. आपणच घेतली तर तिचा गुण निम्मा.

हे तिला नॉर्बनेच सांगितले होते, एका शुक्रवारी, हॉटेलात तळलेले मासे खाताना. शेजारच्या टेबलावर गॉर्डीची बायको गॉर्डीला नवी घंटी देत होती आणि सगळे टाळ्या वाजवत होते. नॉर्बने सांगितले, आणि मग लिंबू पिळत बसला, बराच वेळ, त्यात रस उरला नव्हता तरी. आर्लिसला कळले होते. कळले नव्हते असे नाही. ती म्हणाली होती, ‘कथलाच्या तुकड्यानं ब्रेक लागत नाहीत, नॉर्ब.’ टेबलावरचे सगळे हसले, तोही हसला. नंतर कधीतरी गाडीला घंटी दिसली. दिली असेल मित्रांपैकी कोणीतरी, तिने विचारले नाही.

गॉर्डी आटे साफ करायचा टॅप घेऊन आला. तिने सकाळी फोन केला होता. तो दारातच थांबला, कमरेवर हात ठेवून, आणि गाडीकडे बघत राहिला.

‘काय प्रोफेसर, लग्नाला निघालीय का ही?’

ती म्हणाली, निघाली आहे, पण झाकण जागेवर यायला तयार नाही. गॉर्डीने खाली बसून पाहिले, गुडघे वाजले, त्याने गुडघ्यांना शिवी दिली. मधले भोक कानसीने थोडे लांबवावे लागेल असे सांगितले, आतून, पुढचा भाग खराब होऊ न देता. आणि चिकटपट्टी लाव, नाहीतर चरा पडेल. मग नॉर्बचे विचारले. उद्या येणार का? ती म्हणाली, माहीत नाही. त्याने अंगणाकडे बघितले. नॉर्बने हात वर केला होता, गॉर्डीपासून जरा बाजूच्या झाडाला.

उठताना गॉर्डीचे लक्ष बरणीच्या झाकणाकडे गेले.

‘ही काढलीस? अगं, तू दिलेली ना ही?’

आर्लिसच्या हातात कापड होते, त्याने ती बोल्ट पुसत राहिली.

‘काय कौतुक सांगायचा हिचं,’ गॉर्डी म्हणाला. ‘आम्ही चिडवायचो त्याला, की तुझी बायको असलं काही मानत नाही, तूच घेतली असशील गुपचूप. तर म्हणायचा, नाही, आर्लिसनं दिली, स्वतः होऊन दिली. एकदा तर भांडला माझ्याशी.’ त्याने घंटी उचलली नाही, नुसते बोट टेकवले. ‘आता तूच काढलीस तर तूच बांध म्हणजे झालं. दुसऱ्याच्या हातानं पुन्हा बांधली की नव्यासारखी.’

तो गेला. त्याच्या गाडीचा आवाज बऱ्याच लांबपर्यंत ऐकू येत राहिला, आणि त्या आवाजाच्या खाली कुठेतरी त्याची घंटी असणारच, जी ऐकू येत नव्हती.

तिने टॅपला तेल लावले. थोडा पुढे, थोडा मागे, पुन्हा पुढे. भोकातून काळा चुरा आला. हात नीट काम करत होते. हात नेहमीच नीट काम करतात... दुकानात एकटा उभा असेल नॉर्ब. काचेच्या पेटीवर वाकून, एवढा मोठा माणूस, इतक्याशा वस्तूंतून एक निवडताना. दुकानदाराने विचारले असेल, कोणासाठी? आणि तो काय म्हणाला असेल? मित्रासाठी म्हणाला असेल. मग घरी येऊन, ती कामावर असताना, सिमेंटवर आडवा होऊन, स्वतःच्या हाताने ती बांधली असेल – निम्म्या गुणाची, हे माहीत असून – आणि उरलेला निम्मा गुण तिच्या नावाने भरून काढला असेल. इतकी वर्षे. सगळ्यांसमोर. आणि सगळे तिच्याकडे बघून हसत होते ते चांगले हसणे होते, आणि तिला वाटत होते की ते तिच्या त्या ब्रेकच्या वाक्याला अजून हसतात.

डोळे जाण्याचा आणि घंटीचा काही संबंध नाही. डोळ्यांचे कारण वयात आणि वंशात असते, त्याच्या आईलाही तेच झाले होते. संबंध नाही हे ती कोणालाही पटवून देऊ शकली असती. ती कानस चालवत राहिली, आणि एका फटक्याला क्रोम सोलवटले. चिकटपट्टीच्या खाली, भोकाच्या कडेला, नखाएवढा पापुद्रा उठला, आणि आत निकेल दिसले, किंचित पिवळट, उबदार रंगाचे. तिने त्यावर बोट दाबून धरले, जणू तो परत चिकटणार होता.

वॉशरखाली झाकून जाईल. झाकून गेले. बोल्ट या वेळी शेवटपर्यंत गेला, मग दुसरा, मग तिसरा. झाकण बसले.

तिने उभे राहून गाडी स्टँडवरून उतरवली आणि हँडल धरून, मागे मागे, उतारावरून अंगणात आणली. उन्हात आल्याबरोबर सगळे एकदम पेटले. तिलाच डोळे मिटावे लागले. आरशांचे दांडे, दिव्याची कड, खालची नळी. जानेवारीतल्या त्या पानांवर असायचे तसे. चाके खडीवरून करकरत गेली आणि नॉर्बच्या खुर्चीपुढे थांबली.

नॉर्बने रेडिओ बारीक केला.

‘कोणाची गाडी?’

तिला आधी वाटले तो गंमत करतो आहे. तो गंमत करतो तेव्हा भुवया वर जातात. त्या जागेवर होत्या.

‘तुझीच आहे, नॉर्ब.’

‘माझी?’ त्याने मान जरा वळवली, डोळे कुंपणाकडे लावले, गाडीला नजरेच्या कडेला आणायला. मग दुसऱ्या बाजूने तसेच केले. ऊन त्याच्या तोंडावर परावर्तित होत होते, एक ठिपका गालावर हलत होता. हात पुढे करून त्याने टाकी चाचपली, सीटची शिवण चाचपली, तिथे जरा थांबला. ‘हो की. वाजली नाही म्हणून म्हटलं.’

‘क्रोम लावलं मी. तुला हवं होतं ते. सगळं.’

‘दिसतंय,’ तो म्हणाला. ‘खूप चमकतंय.’ आणि मग, चांगले वागणाऱ्या माणसासारखे, ‘छान झालंय.’

‘घंटीला जागा नाही उरली. झाकण वरून जातं.’

‘बरं.’

‘उद्या –’

‘उद्या गॉर्डीला घेऊन जाऊ दे. लोकांना बघू दे.’ त्याने हात मागे घेऊन मांडीवर ठेवला. ‘मी काय, घरी आहेच.’

ती हँडल धरून उभी होती. हँडलही चमकत होते, आणि तिच्या बोटांचे ठसे त्यावर लगेच उमटले होते. तिला विचारायचे नव्हते. तिने विचारले.

‘नॉर्ब, ती घंटी तुला दिली कोणी होती?’

त्याचे डोळे सरकले. तिच्या चेहऱ्यावरून निघून, कानावरून, तिच्या खांद्यापलीकडे कुठेतरी शेतात जाऊन थांबले. म्हणजे तो तिला बघत होता. जेवढी दिसते तेवढी, पण सगळी.

‘आठवत नाही गं आता,’ तो म्हणाला.

नॉर्ब विसरत नाही. गाडीच्या प्रत्येक बोल्टचे माप त्याला अजून पाठ आहे.

ती गॅरेजमध्ये जाऊन पाना आणि बरणीचे झाकण घेऊन आली आणि त्याच्यासमोरच खडीत गाडीखाली बसली. पहिला बोल्ट उलटा फिरू लागला. रेडिओवर सामना सुरू झाला होता. नॉर्बने तो बंद केला आणि मान कलती करून ऐकत राहिला. पान्याचा आवाज त्याला कळतो, घट्ट करताना वेगळा, सैल करताना वेगळा.

‘काढतेयस?’

‘हो.’

‘आत्ताच तर बसवलंस.’

झाकण हातात आले, सोललेल्या कडेसकट, आणि तिने ते गवतात पालथे ठेवले. झाकणामागची नळी होती तशीच होती, काळी, वळणाशी घासून पांढरी पडलेली – घंटीची कडी जिथे इतकी वर्षे हलत होती, नेमकी तिथे.

घंटी तिच्या डाव्या मुठीत होती. आतल्या लोलकावर तिने अंगठा दाबून धरला होता, उचलल्यापासूनच, तिच्याही नकळत. बांधायला किती वेळ लागणार होता? कडी उघडायची, घालायची, दाबायची. पण जे माणसाने कधीच मिळाले म्हणून सांगून टाकले आहे, ते त्याला द्यायचे कसे? अंगठा काढला की ती वाजेल, आणि वाजली की त्याला कळेल की मला कळले आहे. मग तो काय करेल. हसेल. किंवा म्हणेल, तूच तर दिली होतीस. आणि ते त्याने माझ्याकडे न बघता, म्हणजे नीट बघत म्हटले, तर मी...

पाठीवर ऊन होते. वर खुर्ची करकरली. तो पुढे वाकला असावा. त्याची सावली चाकावर आली आणि तिथेच राहिली, काही न विचारता. कथील तिच्या मुठीत हळूहळू उबदार होत गेले. तिने अंगठा काढला नाही, अजून नाही. पण आयुष्यात पहिल्यांदाच तिला वाटत होते की त्या इतक्याशा पोकळीत खरोखरच काहीतरी अडकून बसलेले असावे, आणि ते तिथे आधीपासून असावे.