कोयते बाहेर टांगा

मी भित्रा माणूस आहे, हे आधीच सांगून टाकतो. पन्नास-साठ फुटांच्या ताडावर मी दिवसातून दोनदा चढतो, म्हणून पाड्यातले लोक मला धीट समजतात. पण ताडाला घाबरायचं कशाला? ताड कुणावर रागावत नाही. माणूस रागावला की मात्र मी वाट बदलतो. आणि या वेळी रागावलेला माणूस माझा सख्खा थोरला भाऊ होता, तुक्यादादा.

आमचा पाडा गंजाडच्या पुढे, डोंगराच्या अंगाला आहे. चार वर्षांपूर्वी मी आणि माझी बायको चंद्रिका सुक्याकाकांच्या प्रार्थनेला जायला लागलो. काका माझ्या बापाच्या वयाचे. ते येशूच्या गोष्टी अशा सांगतात की, तो तलासरीच्या बाजारात काल भेटला होता असं वाटावं. दोन वर्षांपूर्वी माझ्याच अंगणात आम्ही बांबूचा आणि ताडाच्या पात्यांचा मांडव घातला, आणि प्रार्थना तिथे व्हायला लागली. लोक चिडवायचे, येशूचा झाला पण ताडी सुटली नाही. मी म्हणायचो, ताडी मी काढतो, पीत नाही, आणि पोटाला धर्म कळत नाही. ही थट्टाच होती. तिच्यात विष नव्हतं.

दादा मात्र थट्टा करत नव्हता. पूर्वी चैत्रात आम्ही दोघं मिळून विवळवेढ्याला महालक्ष्मीच्या यात्रेला जायचो. मी जायचं सोडल्यावर तो एकटा जायला लागला, आणि परत आला की माझ्या दारावरून मान खाली घालून पुढे निघून जायचा. तेही मी सोसलं. पण यंदा त्याच्या रोशनीला ताप भरला. सात वर्षांची पोर, तीन आठवडे ताप चढायचा, उतरायचा, पुन्हा चढायचा. दादानं भगताला बोलावलं. भगतानं तांदळाचे दाणे पाहिले आणि सांगितलं की घरातला एक जण देव सोडून गेलाय, म्हणून कुळाचे देव रुसलेत. मी भगताला हसणार नाही. मी लहान असताना मला साप चावला होता, तेव्हा आईनं मला त्याच्याच बापाकडे नेलं होतं.

त्या संध्याकाळी दादानं चारचौघांसमोर मला हाक मारली. त्याचे डोळे लाल होते, रडून की ताडीनं, मला ओळखता आलं नाही.

“तुझ्या गुड फ्रायडेला हा मांडव जागेवर दिसला, तर मी तुक्या नाय,” तो म्हणाला. “आणि मधे येशील तर तूही दिसणार नाय.”

यंदा यात्रा आणि आमचा गुड फ्रायडे एकाच आठवड्यात आले होते. शुक्रवारपर्यंत माझ्या हातात सहा दिवस होते. मांडवाचं मला काही वाटत नव्हतं, पाती पुन्हा शाकारता येतात. भीती वेगळीच होती. दादा कोयता घेऊन आला, तर माझा हात काय करील हे मला ठाऊक नव्हतं. लहानपणी त्यानं मला मारलं की मी रडायचो. आता मी छत्तीस वर्षांचा होतो आणि कोयता चालवणं हाच माझा धंदा होता.

ते सहा दिवस मी जेवलो ते नुसतं गिळलं. सकाळी ताडावर चढलो की मडकं बदलायचं सोडून दादाच्या अंगणाकडे बघत बसायचो. मंगळवारी वरून दिसलं की त्याच्या दारात दोन मोटरसायकली उभ्या आहेत आणि तीन-चार अनोळखी माणसं त्याच्याशी बोलताहेत. माणसं जमवतोय, मी स्वतःशी म्हणालो. खाली आल्यावर चंद्रिकेला सांगितलं, तर ती म्हणाली की चार दिवस तिच्या माहेरी तलासरीला जाऊन राहू. मला जायचं होतं, खोटं कशाला बोलू. पण मग मांडवात येणाऱ्या म्हाताऱ्या बायाबापड्यांनी काय करायचं? चंद्रिका म्हणाली, मग इथंच राहू. आणि तिनं आपली दोन लुगडी आणि कागदपत्रांची पिशवी शेजारच्या पाड्यात नेऊन ठेवली.

गुरुवारी संध्याकाळी, उजेड होता तोवर, काकांनी प्रभुभोजन ठेवलं. एरवी आम्ही वीस-बावीस असायचो, त्या दिवशी नऊ होतो. कुणाचा पाय मुरगळला होता, कुणाकडे पाहुणे आले होते. काकांनी कुणाला नावं ठेवली नाहीत. तांदळाची भाकर होती आणि काळ्या मनुका भिजवून काढलेलं पाणी होतं. त्याआधी काकांनी परातीत सगळ्यांचे पाय धुतले. माझे पाय ताडावर घासून घासून खडबडीत झालेले, टाचांना भेगा पडलेल्या. म्हातारा एकेक भेग बोटानं साफ करत होता, आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मग त्यांनी त्या रात्रीची गोष्ट सांगितली. येशूला माहीत होतं की उद्या आपल्याला मारणार आहेत. तो पळाला नाही, पण त्याला भीती वाटली नाही असंही नाही, काका म्हणाले. तो बागेत पालथा पडून बापाला म्हणाला की होत असेल तर हे माझ्यावरून टळू दे. घाम गळेपर्यंत म्हणाला. सोबत्यांना म्हणाला, माझ्याबरोबर जागे राहा, आणि ते झोपले. मग धरायला माणसं आली तेव्हा पेत्रानं शस्त्र उपसलं आणि एका नोकराचा कान उडवला. येशूनं त्याला काय सांगितलं? काकांनी आपल्या कमरेला हात लावला. आमच्याकडे प्रत्येक माणसाच्या कमरेमागे लाकडाची आकडी बांधलेली असते आणि तिच्यात कोयता अडकवलेला असतो. रानात जा, बाजाराला जा, लग्नाला जा, कोयता असतोच.

“आकडीत टाक तो, असं सांगितलं,” काका म्हणाले. “आणि त्या नोकराला हात लावून त्याचा कान बरा केला.”

चंद्रिकेला कुठेही प्रश्न विचारायची खोड आहे. तिनं विचारलं की एवढ्या माणसांसमोर शस्त्र उपसणारा पेत्र, तोच थोड्या वेळानं शेकोटीपाशी एका मोलकरणीला कसा घाबरला? मोलकरणीनं विचारलं तर म्हणाला, मी त्याला ओळखत नाही.

“दोन्ही वेळा तो भ्यालेलाच होता, पोरी,” काका म्हणाले. “भ्यालेला माणूस आधी मारतो, नाहीतर आधी पळतो.”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही, तरी ते मलाच बोलले असं वाटून मला रागच आला. म्हाताऱ्याला बोलायला काय जातं, त्याचा भाऊ थोडाच येणार होता. जाताना काकांनी सगळ्यांना बजावलं की उद्या येताना कोयते बाहेर जांभळीला टांगा. मांडवात एकाच्याही कमरेला लोखंड नको.

शुक्रवारी बारा वाजता आम्ही बसलो. जांभळीच्या फांदीला पाच कोयते टांगलेले होते आणि त्यांत माझाही मोठा कोयता होता. पण ताडाची पोय, म्हणजे रस गळणारा फुलोरा, छेदायची माझी छोटी कोयती मी सदऱ्याच्या आत पोटाशी खोचली होती. पात्याला फडकं गुंडाळलं होतं. तिला धार अशी, की केस वर धरला तर दोन व्हावेत. मी मुद्दाम मांडवाच्या तोंडाशी खांबाला टेकून बसलो. काका वाचत होते, माझं लक्ष वाटेवर होतं. कुत्रं भुंकलं तरी माझा हात पोटाकडे जायचा. सदरा घामानं अंगाला चिकटला होता. मी देवाचं नाव घेत होतो, पण मागत एवढंच होतो की यात्रेला गेलेल्या दादाला परतायला गाडी न मिळो, त्याचा पाय मोडो, काहीही होवो.

दोन वाजून गेले तेव्हा दादा दिसला. तो एकटाच होता आणि भराभरा येत होता, अंगात नवा सदरा, कपाळाला कुंकू. इतर माणसं मागून येत असतील असं मला वाटलं. तो मांडवाच्या तोंडाशी आला आणि खांबापलीकडे थांबला. खांबामुळे त्याचा डावा हात मला दिसत नव्हता. “विनोद,” त्यानं हाक मारली. मग उजवा हात कमरेमागे नेला आणि आकडीतून कोयता काढला.

मी कधी उठलो, फडकं कधी सोडलं, मला आठवत नाही. मी कुठं मारतोय तेही पाहिलं नाही. चंद्रिका ओरडली एवढं ऐकू आलं. दादाच्या हातून काहीतरी खाली पडून गडगडत माझ्या पायाशी आलं.

लाल कापडात बांधलेला नारळ होता तो.

आमच्यात महालक्ष्मीचा नवस फेडला की सगळे नारळ देवळात वाहत नाहीत. एक परत आणायचा आणि भावाच्या दारात उभं राहून कोयत्यानं फोडायचा. अर्धं भावाचं, अर्धं आपलं. भावानं वाटा घेतला नाही तर नवस फिटत नाही. हे मला ठाऊक होतं. लहानपणापासून मी तो नारळ खाल्ला होता. पण त्या दिवशी माझ्या डोळ्यांना फक्त कोयता दिसला.

दादा मातीत बसला होता, डावा हात उजव्या हातात धरून. बोटांमधून रक्त वाहत होतं. त्याचा कोयता बाजूला पडला होता, त्यानं तो उचललाही नाही. तो माझ्याकडे बघत नव्हता, नारळाकडे बघत होता.

“रोशनीचा ताप उतरला,” तो म्हणाला. “तेच सांगायला आलतो.”

मी तिथंच उभा राहिलो, कोयती हातात तशीच. सुक्याकाकांनी आपलं मुंडासं सोडलं आणि दादाच्या मनगटावर आवळून बांधलं.

“कान जोडणारा इथं कुणी नाय, विनोद,” ते म्हणाले. “गाडी बघ.”

डहाणूच्या सरकारी दवाखान्यात पोचेपर्यंत पाऊण तास लागला. गाडीत दादाचं डोकं माझ्या खांद्यावर होतं. तो मधेमधे बोलत होता आणि मी ऐकत होतो. मंगळवारी आलेली माणसं त्याच्या मेव्हण्याच्या ओळखीची होती. ती रोशनीला मोटरसायकलवरून डॉक्टरकडे घेऊन गेली होती. रक्त तपासलं, गोळ्या दिल्या, आणि दादा वर नवसही बोलला, कारण कशानं उतरेल याचा भरवसा नव्हता. मांडव मोडायचं त्याच्या मनातून केव्हाच गेलं होतं. ते बोलायचं राहून गेलं, म्हणाला. यात्रेहून आल्यावर नारळ घेऊनच बोलू, असं त्याला वाटलं होतं.

डॉक्टरीणबाईंनी हात शिवला आणि बाहेर येऊन सांगितलं की दोन बोटांच्या शिरा तुटल्यात, बोटं पुन्हा वळतील की नाही सांगता येत नाही. दादाही माझ्यासारखाच ताडावर चढणारा. दोन बोटं वळली नाहीत तर खोड धरायचं कशानं? हे बाईंना मी सांगितलं नाही.

अशी जखम असली की पोलिसाला कळवावं लागतं. हवालदार वही घेऊन आला आणि त्यानं दादाला विचारलं, काय झालं. मी भिंतीला टेकून उभा होतो. माझ्या डोक्यात सगळं एकदम आलं. तुरुंग आला, एकटी चंद्रिका आली. मग काका आणि मांडवातल्या माणसांचे चेहरे आले, आणि उद्या लोक काय म्हणतील तेही, की प्रार्थनेत बसून कोयती मारतात.

“नारळ फोडत होतो,” दादा म्हणाला. “हात सटकला.”

हवालदार माझ्याकडे वळला आणि त्यानं विचारलं की मी तिथे होतो का.

“नाय,” मी म्हणालो. “मी मागून आलो.”

हवालदारानं लिहून घेतलं आणि तो दुसऱ्या खाटेकडे गेला. माझ्या छातीवरचा दगड उतरला, मला एकदम हलकं वाटलं, आणि त्या हलकं वाटण्याचीच मला किळस आली. मी खाटेच्या कडेला बसलो. दादा डोळे मिटून पडला होता. मला वाटलं झोपला. पण तो हळूच बोलला, रागानं नाही, खरंच कळत नसल्यासारखा.

“माझी एवढी भीती वाटली तुला?”

मी हो म्हणालो. मग म्हणालो की लहानपणापासून वाटते. त्यानं चांगला हात माझ्या गुडघ्यावर ठेवला. मला तो सहन झाला नाही.

मी उठलो आणि हवालदाराच्या मागे गेलो. तो दाराशी चपला घालत होता. मी दाराची चौकट धरली. मागून दादानं मला हाक मारली, जाऊ नको म्हणून. मी हवालदाराला सांगितलं की वहीत चुकीचं लिहिलंय. मी तिथे होतो. कोयती मारली ती मीच. तो माझा भाऊ आहे.

हवालदारानं वही पुन्हा उघडली आणि मला खाली बाकावर बसायला सांगितलं.

“कशासाठी मारलंस?”

“त्यानं कोयता काढला.”

“आणि त्यानं कोयता कशाला काढला?”

हवालदार पेन धरून थांबला होता.

“माझ्या वाट्याचा नारळ फोडायला,” मी म्हणालो.