वाटाण्याच्या कपाटातली बावीस वर्षं

मी एक वाळलेली फांदी बोलतेय. हसू नका, अजून फुलं आहेत माझ्यावर! चपटी झालीत, पण आहेत.

जन्म टेकडीच्या उतारावरचा. फुलं फुलपाखरासारखी, पंख पसरलेली. मधमाशी दुसरीकडचे पराग अंगाला माखून यायची, माझ्या कुक्षीला पुसायची आणि माझे घेऊन पसार! काय गुदगुल्या व्हायच्या म्हणून सांगू! मग पाकळ्या गळून फळं धरायची.

ऐन बहरात एका तरुण प्राध्यापकांनी मला कापलं, रद्दी पेपरात दाबून वाळवलं, जाड कागदावर चिकटवलं. फुलाचा आकार पाहून लिहिलं, ‘वाटाण्याचं कूळ’. झालं! वनस्पती-संग्रहालयात बावीस वर्षं मी वाटाण्या-घेवड्यांच्या कपाटात. शेजार चांगला हो, पण आपलं असं कुणी नाही.

परवा कपाटं आवरायला काढली. नुसतं कूळ लिहिलेले, पुढची ओळख न पटलेले कागद टाकून द्यायचे ठरले आणि मी नेमकी त्या गठ्ठ्यात!

“सर, हिचं एक फूल भिजवून बघू?” संशोधक ताईंनी विचारलं.

“बघ. पण गठ्ठा आज जायलाच हवा,” संग्रहालयाचे प्रमुख म्हणाले.

कोमट पाण्यात फूल टम्म फुगलं. ताईंनी भिंगाखाली पुंकेसर मोजले.

“आठच आहेत! वाटाण्याला दहा असतात.”

“तुटले असतील दोन.”

“तीनदा मोजले, सर. आणि फळ बघा. दोन कप्पे, एकेकात एकच बी. ही शेंग नाहीच मुळी!”

सरांनी कागद डोळ्यांजवळ नेला आणि एकदम खाली बसले. “अगं, अक्षर तर माझंच आहे!”

दोघंही पोट धरधरून हसली. जुनी चिठ्ठी तशीच ठेवून सरांनी शेजारी नवी लावली आणि स्वतः मला माझ्या कुळाच्या कपाटात नेऊन ठेवलं. सतरा बहिणी! आम्ही अजून गप्पाच मारतोय.

फळातल्या दोन बिया सरांनी कुंडीत पेरल्या. “इतक्या जुन्या उगवायच्या नाहीत,” ताई म्हणाल्या. एकोणिसाव्या दिवशी एक उगवली! कागदाला चिकटल्या चिकटल्या मी आई झाले!

आता कुंडी खिडकीत आहे. सकाळी सर पाणी घालतात, दुपारी ताई, संध्याकाळी शिपाईमामा. प्रत्येकाला वाटतं, आपणच घालतोय. मला कपाटातून ओरडता येत नाही. तुमच्यापैकी कुणी तिकडे जाणार असाल तर तेवढं सांगा हो त्यांना, पुरे करा, बाळ बुडेल!