दुसऱ्याच्या पायांचा नवस

अहिल्याने देवीला दिलेला शब्द मोडायला आता जेमतेम अर्धा तास उरला होता, आणि तो मोडणारी तिची स्वतःची लेक समोरच्या बाकावर बसून बुटांचे चाप आवळत होती.

शब्द दिला होता मागच्या फेब्रुवारीत, हॉस्पिटलच्या वेटिंग रूममध्ये. रीमा मैत्रिणींबरोबर स्कीइंगला गेली, मोठ्या डोंगरावरून उतरताना पडली आणि डाव्या गुडघ्यातलं लिगामेंट तुटलं. ऑपरेशन दोन तासांचं म्हणाले होते. साडेतीन झाले तरी कुणी बाहेर येईना. तेव्हा अहिल्याने डोळे मिटून माहूरच्या रेणुकेला हाक मारली. पोर पहिल्यासारखी चालू दे. साडीचोळी पाठवीन, तांबूल पाठवीन, आणि ती पुन्हा म्हणून बर्फावर घसरायला जाणार नाही.

पोर बरी झाली. धाकटा भाऊ नागपूरहून माहूरला जाऊन साडीचोळी आणि तांबूल देऊन आला, फोटोही पाठवले त्याने. उरला तो शेवटचा भाग. तो आपोआप पाळला जाईल असं अहिल्या धरून चालली होती. एवढं भोगल्यावर कोण शहाणं माणूस पुन्हा तिकडे फिरकेल?

रीमा फिरकली. सव्वीस वर्षांची, डेट्रॉइटच्या एका शाळेत विज्ञान शिकवणारी मुलगी. जानेवारीत ट्रॉयला घरी आली ती बातमी घेऊनच. "डॉक्टर ओके म्हणाले. आपण तिघं जाऊ या. छोटंसं गाव आहे, सगळं बिगिनर्ससाठीच. माझ्याकडून ट्रीट."

अहिल्याने हळदीकुंकवाचं निमित्त काढून पाहिलं. बायकांनी हसत हसत ते आठवडाभर पुढे ढकललं. थंडीचं काढलं, पण मिशिगनमध्ये थंडीचं निमित्त कोण ऐकून घेतो. खरं कारण सांगायला मात्र जीभ रेटेना. तीस वर्षांत तिचा रोजचा जप एकदाही चुकला नव्हता. विमानतळावर, बाळंतपणात, तापात, कुठेही नाही. गेले तीन आठवडे मात्र ती देवीसमोर बसायची ती नजर चुकवून. देवी रागावेल असं तिला वाटत नव्हतं. दिलेलं परत घेईल, एवढंच वाटत होतं. तो गुडघा.

आणि आता हे गाव. ट्रॉयहून उत्तरेला चार तास. एकच रस्ता, लाकडी सज्ज्यांची घरं, भिंतींवर आल्प्समधल्यासारखी रंगवलेली फुलं, एक बेकरी, एक चर्च, आणि रस्त्याच्या टोकाला डोंगर.

"डोंगर कसला," पायथ्याच्या उपाहारगृहाच्या खिडकीतून बघत दिगंबर म्हणाला. "आमच्याकडे साताऱ्याला असल्याला टेकाड म्हणतात. आणि त्यावर शेळ्या चरतात."

"बाबा, मला टेकाडच हवंय," रीमा म्हणाली. ती उभी राहिली, आणि अहिल्याने तिच्या जॅकेटची बाही धरली. धरली ती सोडेना.

"आई? काय चाललंय तुझं? गाडीत चार तास एक शब्द नाही बोललीस."

"अगं, जप करत असेल," दिगंबर म्हणाला.

"जप करताना ती अशी नाही दिसत. आई, से समथिंग."

मग अहिल्याने सांगितलं. खालच्या आवाजात, बाहीकडे बघत. वेटिंग रूम, साडेतीन तास, साडीचोळी, तांबूल, आणि तो शेवटचा भाग. शेजारच्या टेबलावर एक बाई आपल्या दोन मुलांना हातमोजे घालत होती. डावा उजव्यात, उजवा डाव्यात.

"म्हणजे," रीमा सावकाश म्हणाली, "माझं स्कीइंग तू देवीला देऊन टाकलंस. मला न विचारता."

"तू भुलीत होतीस."

"मग तुझं काहीतरी द्यायचंस ना, आई. दॅट वॉज माइन."

अहिल्याला वाटलं होतं, पोर हसेल, नाहीतर चिडेल. रीमाच्या आवाजात दोन्ही नव्हतं. एखादीने आपली वस्तू दुसरीच्या कपाटात पाहावी, तसं तिने ते म्हटलं होतं.

दिगंबरने घसा खाकरला. "आमच्या गल्लीत एक आजोबा होते. रोज पहाटे शेजारच्या कुंपणातून जास्वंद तोडून आणायचे आणि देवाला वाहायचे. शेजारीण एकदा भांडायला आली. आजोबा म्हणाले, वाहिलेलं फूल परत कसं घेऊ? ती म्हणाली, परत नकोय. मला विचारा, आणि उद्यापासून स्वतःच्या अंगणातलं वाहा."

"मग?" रीमाने विचारलं.

"मग त्यांनी जास्वंदीची फांदी मागून घेतली आणि लावली अंगणात. देवाने काही तक्रार केल्याचं ऐकिवात नाही."

अहिल्या हसली नाही. पण ती गोष्ट तिच्या आत कुठेतरी नीट जाऊन बसली. आपण दिलं ते आपलं नव्हतंच. शब्द मोडतोय म्हणून आपण रीमाकडे बघत बसलो. चुकला होता तो द्यायच्या वेळीच, आणि चुकवला होता आपण.

"रीमा," ती म्हणाली, "मी तुला विचारायला हवं होतं. चुकलंच माझं."

आईच्या तोंडून हे वाक्य रीमाने बहुधा पहिल्यांदाच ऐकलं होतं. तिने उगाच आईची कानटोपी कानांवर खाली ओढली. "इट्स ओके. आता तू दुसरं काहीतरी दे."

"तिच्याकडे द्यायला राहिलंय काय?" दिगंबर थर्मासमधून कपात चहा ओतत म्हणाला. "कांदा-लसूण सोडून झाला, रात्रीचा भात सोडून झाला. एक हा तेवढा शिल्लक आहे."

तो थट्टेत बोलला. अहिल्याने कपाकडे पाहिलं. तिचे सगळे उपास चहावर चालत. सोमवार असो, एकादशी असो, आलं घातलेला चहा चालायचाच. त्याबाबतीत तिने कुणाशी वाद घातला नव्हता आणि कुणाचं ऐकलंही नव्हतं. तिने कप हळूच दिगंबरकडे सरकवला.

"वर्षभर," ती म्हणाली.

"आई, नो. तू दोन तास राहत नाहीस चहाशिवाय."

"म्हणून तर." तिने डोळे मिटले, हात जोडले, ओठ हलले. मोजून चार वाक्यं. डोळे उघडले तेव्हा तिने रीमाची बाही सोडली होती. "जा. हेल्मेट नीट लाव."

उतारावर वर न्यायला विमानतळावर सामानाचा असतो तसा सरकता पट्टा होता. त्यावर पाच-सहा वर्षांची मुलं एकामागे एक उभी, आणि त्यांच्यात रीमा, ताडमाड. लाल जॅकेटमधली शिकवणारी मुलगी ओरडत होती, "पिझ्झा, पिझ्झा." पायांतल्या स्कीजची पुढची टोकं जवळ आणून पिझ्झाच्या तुकड्यासारखा त्रिकोण केला की वेग कमी होतो, असं दिगंबरने शेजारच्या बाईला विचारून घेतलं.

"पद्धत चांगली आहे," तो म्हणाला, "पण भूक लागते."

रीमा निघाली. हळू, डाव्या पायाला जपत. अर्ध्यावर तिच्यासमोर एक गुलाबी हेल्मेट आडवं आलं, तिने वळायला पाहिलं आणि ती एका अंगावर पडली.

अहिल्या कुंपणाला धरून उभी होती. ती ओरडली नाही, धावली नाही. गुलाबी हेल्मेटवालीने रीमाला वाकून काहीतरी विचारलं. रीमाने मान हलवली, कुशीवर वळली, काठ्या रोवल्या आणि उठली. डावा पाय दोनदा आपटून पाहिला. मग त्रिकोण करून सरळ खाली, थेट आईसमोर.

"पडले ते पाहिलंस?"

"पाहिलं."

"काही झालं नाही."

"तेही पाहिलं," अहिल्या म्हणाली. रीमा परत पट्ट्याकडे गेली. त्यानंतरच्या खेपा अहिल्याने मोजल्या नाहीत.

दुपारी तीनपर्यंत तिचं डोकं ठणकायला लागलं. आधी कपाळ, मग डोळ्यांमागे, मग मानेपर्यंत. थर्मासमध्ये दोन कप उरले होते, आल्याचा वास दरवळत होता.

"अगं, घोटभर घे," दिगंबर म्हणाला. "उद्यापासून सुरू कर. देवी काय घोट मोजत बसणार आहे?"

"मी मोजते ना."

"फार दुखतंय का?"

"फार," अहिल्या म्हणाली, आणि ती ते इतक्या समाधानाने म्हणाली की दिगंबर कप खाली ठेवून तिच्याकडे बघत राहिला.